गावाचा कार्बन किती?

मंडळी, बरेच वीकएंड इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. पण मागच्या महिन्यात जोडून सुट्टी आली आणि मी चक्क आजोळी जाऊन आलो. आजोळ म्हणजे वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की कुठे?" तर छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने निघायचं, जालना जातं, परतूर जातं, मग सेलू येतं. तिथे उतरून पुढे रस्त्याने. आता कळलं? नसेल कळलं तर असो.

गेल्या काही वर्षांत वालूर थोडंफार प्रसिद्ध झालंय ते बारवेमुळे. मराठवाड्यात जुन्या बारवा पुष्कळ आहेत, परभणी जिल्ह्यात तर जास्तच. पण वालूरची एक बारव गोल आहे आणि तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, भिंतीच्या कडेने फिरत फिरत खाली जातात. माझ्या लहानपणी आम्हाला तिकडे फिरकायची बंदी होती. आत कचरा, वर झाडोरा आणि साप निघतात अशी दहशत. मग गावातल्याच लोकांनी श्रमदान करून ती साफ केली, गाळ काढला, आणि आता लांबून लोक फोटो काढायला येतात.

संध्याकाळी मामा आणि मी बारवेच्या कडेला बसलो होतो. मामा एकेकाळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते. आता पूर्णवेळ शेती, म्हणजे कापूस, सोयाबीन, थोडी तूर.

"काय करायलास मग तिकडं पुण्यात? कसलं काम हाये?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की सध्या आमची टीम एका परदेशी क्लायंटसाठी कार्बनचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या ऑफिसने किती वीज वापरली, किती विमानप्रवास केला, त्यातून किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, सगळं एका डॅशबोर्डवर दिसतं. हिरवे, पिवळे, लाल रंग वगैरे.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. मग आपल्या वालूरचा कार्बन किती, ते सांग की."

मला सांगता आलं नाही. दहा देशांतल्या ऑफिसांचा आकडा मला दशांश चिन्हासकट पाठ आहे आणि ज्या गावात आईचा जन्म झाला तिथला ढोबळ अंदाजही नाही! वर मामांनी दुसरा प्रश्न टाकला. "आणि समजा निघाला आकडा, तर ग्रामपंचायतीनं त्याचं करायचं काय? आमच्या हातात हाये काय?"

परतीच्या रेल्वेत हा दुसरा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून थोडं जुनं वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब. लांब आहे, चहा घेऊन बसा.

*

सुरुवात धुरापासून करू. कारण स्थानिक सरकारांचा हवेशी पहिला संबंध आला तो धुरामुळेच.

एकोणिसाव्या शतकात कोळसा आपल्या शहरांमध्ये आला. कलकत्त्यात धुराचा इतका त्रास झाला की १८६३ सालीच तिथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढत गेली आणि १९१२ मध्ये मुंबईसाठीही असाच कायदा आला. त्यावेळी कुणी 'हवामान बदल' म्हणत नव्हतं. मुद्दा साधा होता: काळा धूर दिसतोय, कपडे काळे होतात, खोकला येतो, तेव्हा धुराड्यावर कुणीतरी नजर ठेवा. धूर जिथे निघतो तिथेच त्याचा त्रास होतो आणि तिथलंच सरकार त्याला जाब विचारू शकतं. कारण आणि परिणाम एकाच गल्लीत. डीबग करायला सोपं.

आमच्या भागात कोळसा आणि वाफ आली ती रेल्वेबरोबर. निजामाच्या राज्यातली हैदराबाद ते मनमाड ही गोदावरी खोऱ्यातली लाइन १९०० साली सुरू झाली, आणि सेलू तिच्यावरच आहे. आजही मी याच मार्गाने आजोळी जातो. या लाइनमुळे इथला कापूस बाहेरच्या बाजारात जाऊ लागला. पण धूर गाडीबरोबर यायचा आणि गाडीबरोबर जायचा. वालूरच्या घरांमधला धूर वेगळाच होता. तो चुलीचा. त्याच्यासाठी कुठलाच कायदा नव्हता आणि तो सोसणाऱ्या बायकांना कुणी विचारलंही नव्हतं.

नंतर वीज आली आणि गणित बदललं. वीज वापरली वालूरला तर धूर निघतो कुठे? दुसऱ्या जिल्ह्यातल्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला 'स्कोप टू' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या चिमणीतून निघालेला आपला धूर. धूर नजरेआड झाला आणि स्थानिक सरकारचा त्याच्याशी असलेला संबंधही सुटला.

*

आता १९९२ कडे येतो. या वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही एकत्र वाचल्याचं मला तरी कधी आठवत नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात तर त्या वेगवेगळ्या विषयांत होत्या. एक भूगोलात, एक नागरिकशास्त्रात.

पहिली गोष्ट, जून १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात वसुंधरा परिषद झाली. हवामान बदलाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार तिथे सह्यांसाठी ठेवला गेला. पुढचं क्योटो, पॅरिस वगैरे सगळं त्या कराराच्या पोटातलं.

दुसरी गोष्ट, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायतींना घटनेत जागा मिळाली, ग्रामसभेला मान्यता मिळाली, महिलांना आरक्षण मिळालं. आणि तिच्याबरोबर घटनेला एक नवीन परिशिष्ट जोडलं गेलं, अकरावं. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची ती यादी आहे.

ही यादी मी गाडीत मोबाइलवर वाचली आणि सरळ होऊन बसलो. लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास. सामाजिक वनीकरण. इंधन आणि चारा. ग्रामीण विद्युतीकरण, त्यात वीजवितरणसुद्धा. आणि पंधराव्या क्रमांकावर अपारंपरिक ऊर्जा!

म्हणजे बघा, रिओमध्ये जगाने ज्या रोगाचं नाव घेतलं, त्याच्यावरची निम्मी औषधं त्याच वर्षी दिल्लीत गावाच्या नावाने लिहिली गेली. 'कार्बन' हा शब्द यादीत कुठेही नाही. पण कार्बन ज्यातून कमी होतो ते विषय आहेत.

मग तीस वर्षं अडलं कुठे? त्याचं उत्तर त्याच दुरुस्तीतल्या २४३ जी या कलमात आहे. तिथे असं म्हटलंय की राज्याचं विधिमंडळ कायदा करून पंचायतींना हे अधिकार देऊ 'शकेल'. 'देईल' असं नाही, 'शकेल'. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅरामीटर ऑप्शनल ठेवलाय. आणि ऑप्शनल फील्ड लोक किती भरतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे. :)

आता महाराष्ट्र पंचायत राज्याच्या बाबतीत मागे होता असं अजिबात नाही. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये बाहेर पडलेला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेला मराठवाडाही त्यात सामील झाला. पण विषय गावाचा आणि पैसा, माणसं, मंजुरी वरून, ही रचना मोठ्या प्रमाणात तशीच राहिली. वीजवितरण तर गावाच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नाही. गावात खांब आहे, पण त्यातून वीज किती वाजता येणार हे गाव ठरवत नाही.

*

याचा अर्थ गावांनी काही केलंच नाही असा मात्र नाही. केलं, पण वेगळ्या नावाखाली.

१९७२ चा दुष्काळ हा आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. आजी त्याला नुसतं 'बहात्तर' म्हणायची. त्या दुष्काळात खडी फोडणारे हात पुढे रोजगार हमीच्या कायद्यापर्यंत पोचले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेचा कायदा १९७७ साली झाला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, झाडं, अशी कामं त्यातून निघाली. हेतू रोजगाराचा होता, पण माती आणि ओल धरून ठेवणं हे आजच्या भाषेत हवामानाचंच काम आहे.

मग हिवरे बाजार. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे गाव तुम्हाला माहीत असेलच. पोपटराव पवार तिथे १९८९ च्या सुमारास सरपंच झाले. त्या गावाने स्वतःवर बंधनं घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते ती म्हणजे आकडा आणि निर्णय एकाच बैठकीत होते. पाऊस कमी पडला हे ज्याने ऐकलं, त्यानेच ऊस न लावण्याला हात वर केला.

२०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हा मी अगदी लहान होतो, पण गल्ल्या झाडल्याची आणि भिंतींवर घोषणा रंगवल्याची मोठी माणसं अजून सांगतात. २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणात झाडं, करवसुली, शौचालयं, प्लास्टिकवर बंदी आणि अपारंपरिक ऊर्जा, अशा अटी होत्या. अट पुरी करा, निधी घ्या. २०१६ ते २०१९ या काळात तर झाडांचे आकडे कोटींत गेले. दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी. यातली किती जगली यावर वाद झाले आणि व्हायलाच हवे होते. खड्डा खणला की फोटो निघतो, पण पुढची तीन वर्षं मे महिन्यात पाणी घालताना कुणी फोटो काढत नाही.

या सगळ्यात मला पाटोद्याचं उदाहरण वेगळं वाटतं. छत्रपती संभाजीनगरजवळचं हे गाव भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना गाजलं. जो घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरेल त्याला गिरणीवर दळण मोफत, ही तिथली प्रसिद्ध युक्ती. ऐकायला गंमत वाटते, पण विचार करा. कर वसूल झाला म्हणजे पंचायतीच्या हातात स्वतःचा पैसा आला, आणि स्वतःचा पैसा आला म्हणजे कुणाच्या जीआरची वाट न पाहता काही ठरवता आलं. मामांच्या "आमच्या हातात हाये काय?" या प्रश्नाला हे एक छोटं उत्तर आहे.

*

आता परत विजेकडे. कारण आमच्या भागात वीज आणि पाणी या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

परभणीला लागून बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ आहे. ज्योतिर्लिंग म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे १९७० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. औष्णिक केंद्राला कोळसा लागतो तसंच भरपूर पाणीही लागतं. ते येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१२-१३ च्या दुष्काळात बंधारा आटला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राचे सगळे संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पण पाणी नव्हतं. तीन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं तेव्हा देशभर बातम्या झाल्या. परळीची बातमी त्यामानाने लवकर विसरली गेली. हवेत कार्बन सोडणारं केंद्र दुष्काळामुळेच बंद पडतं, हे उदाहरण मी क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये टाकलं असतं तर लोकांना ते बनवलेलं वाटलं असतं.

मामांच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. मी एक ढोबळ हिशोब केला. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉटच्या आसपास. दिवसाला सहा तास चालली तर साधारण बावीस युनिट. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाला पंधरा-सोळा किलो. वर्षात शंभर दिवस मोटर चालली तर सुमारे दीड टन.

हा आकडा मोठा की छोटा? तुलना करायला मुंबई घेऊ. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलंय, म्हणजे माणशी साधारण १.८ टन. यातला सर्वात मोठा वाटा विजेचा आणि इंधनाचा. २०५० पर्यंत हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं असं महापालिकेचं ध्येय आहे.

म्हणजे मामांची मोटर वर्षभरात जवळजवळ एका मुंबईकराइतका कार्बन 'सोडते'. पण त्या मोटरवर निघालेल्या कापसाचा शर्ट घालून मी हिंजवडीत बसतो, तेव्हा तो कार्बन नक्की कुणाचा? आमच्या डॅशबोर्डवर मात्र शर्टाला रकाना नाही. आणि राज्यात कृषीपंपांचे ग्राहक चाळीस लाखांहून जास्त आहेत.

मामांना हा हिशोब फोनवर सांगितला तर ते हसले. म्हणाले, "कार्बनचं राहू दे. रात्री दोनला लाइट येते, अंधारात विंचू-काट्यात दारं धरायला जावं लागतंय. ते दिवसा येईल का, ते सांग." (दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देताना वाफ्याची तोंडं उघडणं-बंद करणं, पुणेकरांसाठी खुलासा.)

आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं की मामांचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे. सूर्य दिवसाच असतो! सौरपंप किंवा सौर फीडर आला तर कोळसाही वाचतो आणि मामांची झोपही.

*

यासाठी योजना आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही सुरुवातीची गावं. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. विजेच्या उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी कल्पना. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी तर २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली.

स्थानिक संस्थांना हवामानाच्या कामात ओढायचे इतरही प्रयत्न झालेत. 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतांची विभागणी करून गावांना आणि शहरांना गुण द्यायचे. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्था होत्या, नंतर हजारो झाल्या. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणीसह मराठवाड्यातले सगळे जिल्हे होते. त्यात गावपातळीवर समित्या झाल्या आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला आयआयटी मुंबईच्या लोकांनी सॉफ्टवेअर तयार करायला मदत केली. हे वाचून माझी कॉलर ताठ झाली. म्हणजे गावाच्या पाण्याचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडता येतो, तर विजेचा आणि कार्बनचाही येईल की.

पण थांबा. एक गोष्ट राहिली आणि खरी अडचण तिथेच आहे. जमीन.

एक मेगावॉट सौरऊर्जेला साधारण चार-पाच एकर जागा लागते. ती खासगी शेतकऱ्याकडून भाड्याने घेता येते. योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. किंवा सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते. आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

मराठवाड्यात गायरान हा साधा शब्द नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यातही मुख्यतः दलित आणि भटक्या कुटुंबांनी, गायरानाचा तुकडा कसून पोट भरलं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो याच मागणीसाठी. १९९१ मध्ये सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय घेतला. सातबारा मात्र अनेकांच्या हातात अजूनही आलेला नाही. शिवाय ज्यांच्याकडे शेत नाही पण चार शेळ्या आहेत, त्यांच्यासाठी चराईची जागा तीच. म्हणून काही ठिकाणी सौर प्रकल्पाला गायरान द्यायला लोकांनी विरोध केला, यात नवल नाही.

मामांकडे कापूस वेचायला येणाऱ्या एक मावशी आहेत. आमची ही चर्चा त्या बाजूला बसून ऐकत होत्या. वालूरमध्ये असा विषय माझ्या माहितीत तरी आलेला नाही, मी आपलं 'समजा' म्हणून बोलत होतो. मावशी म्हणाल्या, "दिवसा लाइट आली तर मालकाची मोटर चालंल, बरंच हाये. पर आमच्यात मोटर कुणाकडं हाये? आन् शेळ्या कुठं न्यायच्या, ते बी लिव्हा तुमच्या कॉम्प्युटरमधी."

मामा काही बोलले नाहीत. मीही नाही. कारण माझ्या हिशोबात दीड टन कार्बन वाचणार होता, आणि त्या वाचण्याची किंमत कोण देणार हा रकाना मी ठेवलाच नव्हता.

*

तर मंडळी, या सगळ्या वाचनानंतर माझं मत असं झालंय. गावाने कार्बन कमी करण्याचा इतिहास शोधायला गेलं तर त्या नावाने काहीच सापडत नाही. तो पाण्याच्या, रोजगाराच्या, स्वच्छतेच्या आणि विजेच्या नावाखाली सापडतो. जिथे गावाने मोजलं आणि मोजणाऱ्यांनीच ठरवलं, तिथे काम टिकलं. जिथे मोजमाप वरच्या गुणांसाठी झालं आणि निर्णय दुसरीकडे झाला, तिथे पाटी उरली. १९९२ मध्ये गावाला विषय दिले, २०२० मध्ये गुण दिले. आता जमीन आणि वीज यांच्या निर्णयात ग्रामसभेला खरा शब्द द्यायला हवा, आणि त्या ग्रामसभेत मोटरवाल्याइतकाच शेळीवालीचाही हात मोजला गेला पाहिजे. यामुळे काम सावकाश होईल हे मला कळतं. हवामान थांबत नाही हेही कळतं. पण मावशींना वगळून केलेली घाई पुढे कोर्टात आणि मोर्चात जास्त वेळ खाते, हे आपल्याकडे पुष्कळदा झालंय.

राहिली बारव. ती कुणी, नक्की कधी बांधली हे मामांना सांगता येत नाही, मलाही नाही. पण पायऱ्यांचा दगड बघितला की कळतं, वापर रोजचा होता. नळ आणि बोअर आले, गरज संपली, आणि तिचा उकिरडा झाला. पुन्हा गावालाच ती आपली वाटली तेव्हा साफ झाली. त्यासाठी बाहेरून आकडा यावा लागला नाही, पण गावात एकत्र बसावं मात्र लागलं.

पुण्याला आल्यावर मी एक साधी एक्सेल शीट बनवली. पाणीपुरवठ्याच्या मोटरी, रस्त्यावरचे दिवे, कृषीपंप, गॅस, सरपण. समोर युनिट किंवा किलो टाकायचे, शेवटी टन निघतात. डॅशबोर्ड नाही, रंग नाहीत. मामांना व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि लिहिलं, "ग्रामपंचायतीची वर्षभराची वीजबिलं मिळवा, बाकी मी भरतो."

दोन दिवसांनी उत्तर आलं. "बिलं मागितलीत. ग्रामसभेत वाचून दाखवतो. मावशी विचारायल्या, शेळ्यांचा रकाना कुठंय?"

ह्या वीकएंडला तो रकाना घालतोय. कसा घालायचा हे सुचत असेल तर जरूर कळवा.